पिंजरा लावून ठेव

दम खायला ताई पलंगाच्या कडेवर टेकली, सहज खाली वाकली आणि वाकलेलीच राहिली, तेव्हा त्याला वाटलं, झालं, हिची कंबर धरली. साठीची बाई, पाच तास बसमध्ये बसून आलेली, आणि त्यात मांडीवरचा तो पुठ्ठ्याचा खोका तिनं उतरल्यापासून एकदाही त्याच्या हातात दिला नव्हता. तो घाईनं पुढं झाला. पण ताई आपली आपणच सरळ झाली आणि तिनं पलंगाखालून पायानं जे ओढून काढलं तो उंदरांचा पिंजरा होता. लाकडी, नवा कोरा, एका टोकाला जाळी, दुसऱ्या टोकाला स्प्रिंगचं दार वर ताणून अडकवलेलं आणि आत आकड्याला पावाचा तुकडा.

"हे काय रे, बारकू?"

चोपन्न वर्षांच्या माणसाला बारकू म्हणणारं जगात आता एवढं एकच माणूस उरलं होतं. "पिंजरा," तो म्हणाला. "तूच म्हणालीस ना फोनवर. उंदरांसाठी पिंजरा लावून ठेव, मग मी येते."

ताईनं मांडीवरच्या खोक्याचं झाकण उघडलं. त्यानं आत डोकावून पाहिलं. कागदाच्या चुऱ्यात दोन पांढरे उंदीर एकमेकांना चिकटून बसले होते. गुलाबी डोळे, गुलाबी कान, आणि त्यातल्या एकाचं डोकं डावीकडं-उजवीकडं संथ हलत होतं, जसं काही त्याला समोर जे दिसतंय ते मान्यच नाही. "ही मोठी आणि ही धाकटी," ताई म्हणाली. "सख्ख्या बहिणी आहेत."

चूक साधीच होती. उंदरांसाठी पिंजरा लावून ठेव, असं कुणालाही सांगितलं तर तो माणूस पावाचा तुकडाच शोधेल. पोपटासाठी पिंजरा आणतात, सशासाठी करतात. लावतात तो फक्त उंदरांसाठी, आणि तो कशासाठी हे लहान मुलालाही कळतं. त्याला तर वाटलं होतं, ताईला उंदरांची किळस येत असणार, आयुष्यभर त्यांच्यात काढल्यावर कुणालाही येईल. म्हणून त्यानं दोन दुकानं फिरून त्यातल्या त्यात चांगला पिंजरा आणला होता. ताई आधी हसली. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मग उठून तिनं खोली पाहिली, कपाट उघडून पाहिलं, भिंतीला लावलेला आधाराचा दांडा हातानं हलवून पाहिला, दार पुढं लोटलं, दाराची आतली बाजू पाहिली आणि तिचं हसू थांबलं. "महिनाअखेरपर्यंत बघू," ती म्हणाली. "तिकडची खोली मी अजून सोडलेली नाही." तिकडची म्हणजे एकट्या बायकांच्या वसतिगृहातली. नोकरी संपली तशी राहायची जागाही रिकामी करावी लागली होती, आणि ताईनं भावाला फोन करण्याआधी तिथं नाव घालून ठेवलं होतं. तिथं खिडकीत पिंजरा ठेवू देतात, हेही तिनं विचारून घेतलं होतं.

म्हणजे एकवीस दिवस. त्याला तोंडात मारल्यासारखं झालं. तीन वर्षं या घरात तो एकटा राहत होता, आणि एकटेपणाची सवय होते असं जे लोक सांगतात त्यांना एकदा जेवायला बोलवावं असं त्याला फार वाटे. जेवताना चमचा ताटाला लागला की दचकायला होतं, हे त्यांनी पाहिलं असतं. ताईनं राहावं, कायमचं राहावं, एवढी एकच गोष्ट त्याला हवी होती. आणि ताईची बॅग मात्र कपाटात गेलीच नाही. ती खोलीत जमिनीवर राहिली, भरलेली, पट्टे आवळलेली. त्या पिंजऱ्यानं घात केला, असं त्यानं मनाशी ठरवून टाकलं. पहिल्याच मिनिटाला, तिच्याच पलंगाखाली, तिच्याच उंदरांसाठी मरणाची सोय करून ठेवलेली. आता हे निस्तरायचं तर एकच मार्ग होता: दुसरा पिंजरा, ज्याला बघून वसतिगृहाची खिडकी फिकी पडेल.

हे काम मात्र त्याच्या हातचं होतं. तो नकाशे काढी. एका वास्तुरचनेच्या कचेरीत तीस वर्षं दुसऱ्यांच्या घरांचे नकाशे काढत होता, आधी शाईनं, मग संगणकावर, आणि कचेरीत त्याला मागून मिलिमीटर म्हणत हे त्याला ठाऊक होतं. त्यात त्याला थोडं बरंही वाटे. सोमवारी संध्याकाळी त्यानं टेबलावर कागद पसरला आणि ताईला समोर बसवून, घर बांधायला निघालेल्या गिऱ्हाइकाला विचारावं तसं विचारायला सुरुवात केली. राहणार किती? दोघी. उंची? जेवढी देता येईल तेवढी, त्यांना चढायला आवडतं, पण कुठूनही पडल्या तर हातभरापेक्षा जास्त खाली पडता कामा नये. जाळी? बोट जाणार नाही इतकी बारीक. "डोकं गेलं की सगळा उंदीर जातो," ताई म्हणाली. तळाला जाळी चालेल का? नाही, तळ सपाट पाहिजे, तारेवर उभं राहून राहून पायांना फोड येतात. हे सांगताना ताई आपल्याच तळहाताकडं बघत होती. लाकडाचा भुसा नको, शिंका येतात. ऊन थेट नको. वारा थेट नको. तो लिहून घेत होता आणि मधूनच पेन्सिल थांबवून तिच्या तोंडाकडं बघत होता. त्याला खरं तर वेगळंच विचारायचं होतं.

ताई जिथं नोकरीला होती तिथं औषधं माणसांना देण्याआधी उंदरांना देत. तिचं काम उंदरांचं खाणंपिणं बघायचं, रोज वजन करायचं, डबे धुवायचे, आणि प्रयोग संपला की शेवटचंही तीच बघायची. याबद्दल ती कधी बोलली नव्हती आणि त्यानं कधी विचारलं नव्हतं. सुट्टीत भेटायची तेव्हा तिच्या हातांना साबणाचा वास यायचा एवढंच. मग आता या दोन कशाला? दया म्हणावी तर ताई दयाळू म्हणून कधीच प्रसिद्ध नव्हती. पश्चात्ताप म्हणावा तर तिच्या चेहऱ्यावर तसं काही दिसत नव्हतं; ती धाकटीला एका हातानं उचले, पोट दाबून पाही, कान उलटा करून पाही आणि भाजी निवडल्यासारखी खाली ठेवी. "या कशा सुटल्या?" त्यानं शेवटी आडवळणानं विचारलं. "यांना काहीच दिलं नव्हतं," ताई म्हणाली. "ज्यांना औषध देतात त्यांच्याशी ताडून बघायला काहींना नुसतंच ठेवतात. पण काम संपलं की त्यांनाही... मी साहेबांना म्हटलं, निरोप म्हणून मला घड्याळ देणार आहात ना, त्याऐवजी या दोघी द्या." आणि पुढं म्हणाली, "जागा कुठली करणार आहेस?"

जागा त्याच्या मनात आधीच ठरली होती. बाहेरच्या खोलीत त्याच्या बायकोची शोकेस होती, छातीइतकी उंच, तीन बाजूंनी काच, आत न वापरलेले कप. बायको गेल्यापासून ते कप त्यानं दोनदा धुतले होते, कशासाठी ते त्यालाही सांगता आलं नसतं. बुधवारी त्यानं ते वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर ठेवले, दोन बाजूंच्या काचा उतरवून तिथं जाळी ठोकली, पुढची काच तशीच ठेवली, आत चार मजले, मजल्यांना जोडणारे उतार, उतारांवर पाय घसरू नयेत म्हणून काड्या चिकटवल्या. जुन्या परकराच्या कापडाचा झोपाळा ताईनं शिवून दिला. पाण्याची बाटली उलटी टांगली. चावायला लाकडाचे तुकडे. आणि अंथरायला त्याचे जुने नकाशे. ताई त्यांच्या कडेचे कोरे समास तेवढे कातरीनं काढून घ्यायची आणि त्याच्या पट्ट्या करायची, कारण शाई नको. टेबलावर घरांचे ढीग, समास कातरलेले, आणि दोन म्हातारी होऊ घातलेली माणसं शेजारी बसून पट्ट्या फाडताहेत. त्याला फार बरं वाटत होतं. कातरीचा आवाज येत होता आणि कुणीतरी दुसरं श्वास घेत होतं.

काकांच्या घरी ती दोघं अशीच शेजारी असायची. आईवडील पाठोपाठ गेल्यावर काकांनी त्यांना ठेवून घेतलं, आणि ठेवून घेतलं हाच शब्द बरोबर होता, कारण ठेवायची जागा म्हणजे स्वयंपाकघर आणि बाहेरची खोली यांच्यामधला बोळ. त्याला दोन टोकं होती आणि एकालाही दार नव्हतं. जाणारायेणारा त्यांच्या अंथरुणावरून जाई. पिंजराही तिथंच लावायचे, भिंतीच्या कडेला, त्यांच्या उशापासून दोन हातांवर. सकाळी त्यात उंदीर असला की तो बादलीत बुडवायचं काम काकूनं ताईला दिलं होतं. तो आठ वर्षांचा होता, ताई चौदाची. एकदा त्यानं तो पिंजरा जवळून पाहिला होता. आतला उंदीर पावाच्या तुकड्यामागं लपायला बघत होता. तुकडा बोटाएवढा, उंदीर वीतभर. तोंड लपलं की आपण सगळेच लपलो असं त्याला वाटत असावं. ताईनं पिंजरा उचलला आणि ती मागच्या दारी गेली, आणि तो कानांत बोटं घालून बसला, जरी त्यात ऐकू येण्यासारखं काही नव्हतं. आणि ती चादर! ताईला कपडे बदलायचे असले की तो बोळाच्या एका टोकाला, तिच्याकडं पाठ करून, चादर दोन्ही हातांनी उंच ताणून उभा राही. दुसरं टोक उघडंच, म्हणून ती चादरीआड भिंतीला अंग चिकटवून उभी राही. "डोळे मीट," ताई म्हणे, "आणि पाढा म्हण. मोठ्यानं." पाढा अशासाठी, की आवाजावरून तिला कळावं, याचं तोंड तिकडंच आहे. पहिल्यांदा दोनाचा होता. मग तो दोनाचा म्हणता म्हणता मान वळवतो असा तिला संशय आला आणि तिनं एकोणतिसाचा लावून दिला. एकोणतिसाचा म्हणताना माणसाला दुसरं काही सुचत नाही.

गुरुवारी मोठी आणि धाकटी नव्या घरात गेल्या. त्यानं समोर खुर्ची मांडली. चारही मजले खुर्चीतून दिसत होते, झोपाळा मधोमध, वाटी डावीकडं, बाटली उजवीकडं. कुणी बोलावलं असतं तर त्यानं कचेरीतल्या सगळ्यांना बघायला आणलं असतं. दोघी तळमजल्याच्या मागच्या कोपऱ्यात गेल्या, एकमेकींच्या अंगावर चढल्या आणि दगड झाल्या. तासभर. दोन तास. उकडलेलं अंडं तसंच पडून. शुक्रवारी कचेरीतून आल्या आल्या त्यानं पाहिलं, तर धाकटीच्या डोळ्याच्या कोपऱ्यात लाल थेंब. "ताई, रक्त!" तो ओरडलाच. ताई हात पुसत आली. "रक्त नाही ते. घाबरल्या, कंटाळल्या, की डोळ्यांतून असं लाल येतं." तिनं ओल्या बोळ्यानं धाकटीचा डोळा पुसला. "घाबरायला काय झालं?" तो म्हणाला, आणि त्याच्या आवाजात चांगलाच राग होता. "एवढं केलं! काय नाही त्यात?"

ताई त्याच्या खुर्चीत बसली आणि त्याच्या जागेवरून तिनं शोकेस पाहिली. बराच वेळ पाहिली. "छान दिसतंय रे," ती म्हणाली. "बघणाऱ्याला."

हे वाक्य त्याला लागलं. शनिवारी सकाळी चहाचा कप घेऊन तो तिच्या खोलीकडं गेला तेव्हा ते त्याच्या डोक्यात फिरतच होतं. त्यानं नेहमीसारखं कोपरानं दार ढकललं. दार वीतभर उघडलं आणि कशाला तरी अडलं. चहा बशीत सांडला. "थांब, थांब!" आतून ताईचा आवाज आला, कधी नव्हे इतका घाबरा. काहीतरी जड घासलं गेलं, आणि मग फटीतून तिचा हात आला आणि कप घेऊन आत गेला. "हाक मारून यावं, बारकू," ती म्हणाली. दाराशी बॅग होती. म्हणजे एका आठवड्यातच बॅग दारापर्यंत पोचली, त्याच्या मनात आलं. आता एक दिवस ती दाराबाहेर येईल आणि मग जिन्यात. त्याला आणखी एक गोष्ट आठवली, जिचा अर्थ त्याला लागला नव्हता: ताई आंघोळीला गेली की आधी बादली भरल्याचा आवाज येई, आणि मग ती भरलेली बादली फरशीवरून ओढल्याचा. नळ एका बाजूला, दार दुसऱ्या बाजूला. भरलेली बादली दाराकडं कोण नेतं? जिथं जे असायला हवं तिथं ते असलं नाही की त्याला चैन पडत नसे, आणि ही बादली आठवडाभर त्याच्या डोक्यात जागा सोडून उभी होती.

चहा झाल्यावर ताई बाहेर आली ती तो लाकडी पिंजरा हातात घेऊन. "हा फुकट कशाला घालवायचा," ती म्हणाली. "याचं दार काढ. स्प्रिंग काढ, आकडा काढ. जाळीवर फळी ठोक आणि मागच्या बाजूला एक भोक पाड, मुठीएवढं." त्यानं पक्कड आणली. स्प्रिंग निघताना सटकन उडून टेबलाखाली गेली आणि दोघंही दचकली. "दोन वाटा कशाला?" त्यानं विचारलं. "एकीकडून कुणी आलं तर दुसरीकडून जाता यावं. आणि आत काळोख पाहिजे. माझासुद्धा हात पोचता कामा नये." ती भोकाची कड घासत होती, बोट फिरवून बघत होती. "तिथले डबे असे, की सगळीकडून दिसायचं. आपलं काम सोपं व्हावं म्हणून. कुठल्याही कोपऱ्यात गेल्या तरी माझा हात तिथं पोचायचा. चाळीस वर्षं माझा हात पोचला, बारकू. कितींपर्यंत, ते मी मोजलं नाही." एवढं सलग ती त्याच्याशी या विषयावर पहिल्यांदाच बोलली. विचारायचं होतं त्याचं उत्तर आलं असावं, पण ते नीट हातात आलं नाही, तिनं घासलेला भुसा फुंकून टाकला आणि पिंजऱ्याचा तो खोका शोकेसच्या तळाशी, कोपऱ्यात ठेवला.

दोघीजणी अर्ध्या मिनिटात आत. जशी काही त्यांना आमंत्रणाचीच वाट होती. मग बराच वेळ काही नाही. तो खुर्ची सोडून जमिनीवर पालथा पडून बघत होता, गाल फरशीला लावून. कचेरीतल्या कुणी पाहिलं असतं तर मिलिमीटरचं डोकं फिरलं म्हणालं असतं. एक गुलाबी नाक बाहेर आलं. धाकटी. तिनं नकाशाच्या समासाची एक पट्टी दातांत धरली आणि उलट्या पावली आत ओढून नेली. पुन्हा आली, पुन्हा एक. मग दोन दोन. आधी त्याला वाटलं अंथरूण करतेय. पण ती पट्ट्या आत नेत नव्हती, भोकाशीच कोंबत होती, नाकानं आणि पुढच्या दोन हातांनी, खाली, बाजूला, वर, जिथून उजेड येत होता तिथं, आणि शेवटी शेवटची फट आतून बुजली आणि पांढऱ्या कागदाखेरीज काही दिसेना.

"ताई, ही दार लावून घेतेय का?"

"लावणारच," ताई स्वयंपाकघरातून म्हणाली. "आपण नाही लावत?"

आतून बारीक करकर ऐकू येऊ लागली. हा दात वाजवण्याचा आवाज, खूश असल्या की करतात, हे ताईनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. आज पहिल्यांदाच तो ऐकू येत होता, दिसत काहीच नसताना. तो तसाच पडून राहिला. गालाला फरशी गार लागत होती. फरशीवरून त्याला ताईच्या खोलीचं दार दिसत होतं, अर्धं उघडं, आणि दारामागं बॅगेचा कोपरा. आणि मग ती बादली त्याच्या डोक्यात आपोआप जागेवर जाऊन बसली. बॅग निघायला तयार नव्हती. बॅग दार धरून उभी होती.

या घरातल्या एकाही दाराला आतून कडी नव्हती. त्यानंच काढल्या होत्या. तीन वर्षांपूर्वी, एका रविवारी सकाळी, तो याच टेबलाशी बसून कुणाच्या तरी घराचा जिना काढत होता आणि बायको आंघोळीला गेली होती. पाण्याचा आवाज येत होता. पाण्याचा आवाज येतोय म्हणजे ती आंघोळ करतेय, एवढाच त्याचा अर्थ त्याला माहीत होता, म्हणून त्यानं हाक मारली नाही. जिना पुरा झाला. पाणी वाहतच होतं. मग हाक मारली, मग दार ठोठावलं, मग खांदा लावला. कडी चांगली होती, त्यानंच निवडून आणलेली, पोलादी. ती तुटायला वीस मिनिटं लागली. डॉक्टर म्हणाले, वीस मिनिटं आधी आत पोचला असतात तरी सांगता येत नाही. सांगता येत नाही! महिन्यानं त्यानं घरातल्या सगळ्या कड्या काढल्या, स्क्रूच्या भोकांत लांबीची पुट्टी भरली, घासली, रंग दिला. इतकं सफाईदार की तिथं कधी काही होतं असं कुणाला वाटू नये. नकाशात दार दाखवतात, ते कुठल्या बाजूला किती उघडतं ती पाव वर्तुळाची रेघही दाखवतात. कडी दाखवत नाहीत. तीस वर्षांत त्यानं कुणाच्याही नकाशात ती रेखाटली नव्हती. आणि ताई! बोळातून निघून थेट नोकरीच्या जागेत गेलेली ताई. तिथली तिची खोली म्हणजे एक पलंग, एक खिडकी. तो पहिल्यांदा बघायला गेला तेव्हा तिनं त्याला खिडकी दाखवली नव्हती, पलंग दाखवला नव्हता. दार लावून, कडी घालून, पुन्हा काढून, पुन्हा घालून दाखवली होती. "बघ," म्हणाली होती. त्याला तेव्हा काय बघायचं ते कळलं नव्हतं.

हार्डवेअरच्या दुकानात दुकानदारानं त्याच्यासमोर दोन कड्या ठेवल्या. "घरात वयस्कर कुणी आहे का? मग ही घ्या. आतून लागते, पण बाहेर ही खाच आहे बघा, नाणं घालून फिरवलं की उघडते. आतल्याला कळतसुद्धा नाही." त्यानं ती हातात घेतली. वजनदार होती, छान बसवता आली असती. खाच इतकी बारीक, की रंग दिल्यावर दिसलीही नसती. एक नाणं, आणि वीस मिनिटांच्या जागी वीस सेकंद. त्याचा अंगठा त्या खाचेवरून पुन्हा पुन्हा फिरत राहिला. मागं दुसरं गिऱ्हाईक खाकरलं. माझासुद्धा हात पोचता कामा नये, असं ताई म्हणाली होती. ती स्वतःबद्दल म्हणाली होती. पण घासता घासता, त्याच्याकडं न बघता म्हणाली होती. "साधी द्या," तो म्हणाला. "दोन द्या. एक न्हाणीघराला."

दुपारी जेवणं झाल्यावर त्यानं गिरमिट घेतलं आणि ताईच्या खोलीच्या दारावरची लांबीनं बुजवलेली भोकं बोटानं चाचपून शोधून काढली. ताई येऊन शेजारी उभी राहिली. काय चाललंय असं तिनं विचारलं नाही. तळहातावर स्क्रू घेऊन ती एक एक त्याला देत राहिली. तिसऱ्या स्क्रूला तो म्हणाला, "पाणी चालू होतं गं. म्हणून मी हाक मारली नाही." ताईनं चौथा स्क्रू पुढं केला. त्याचा पेचकस दोनदा निसटला, म्हणून तिनं स्क्रू भोकावर बोटांनी धरला आणि त्यानं पिळला. कडी सरळ बसली. मिलिमीटर म्हणतात ते उगाच नाही. तो बाजूला झाला, ताई आत गेली आणि दार लागलं.

तो बाहेर उभा. आत बॅग घासली गेली, या वेळी दारापासून लांब. पट्टे सुटले. मग कपाटाचं दार कुरकुरलं, ज्याला तेल घालायचं तो महिनाभर विसरत होता. आणि मग पावलं दाराशी आली, आणि खट्. कडी लागली. त्याला हेच हवं होतं, यासाठीच तो दुकानात गेला होता, आणि तरी तो आवाज ऐकल्याबरोबर त्याचं पाऊल दाराकडं पडलं. आत शांतता. त्यानं कान लावला. कान लावू नये हे त्याला कळत होतं. शोकेसमध्ये करकर चालू होती, दूर कुणाचा तरी नळ वाहत होता, आणि दारामागं काहीच नाही. खांदा आपोआप दाराकडं वळला. तो वळलेला खांदा त्याला दिसला, आणि त्यानं घाईनं दाराकडं पाठ केली, डोळे मिटले, आणि सेहेचाळीस वर्षांनी त्याचे दोन्ही हात चादर धरल्यासारखे खांद्यांच्या वर गेले.

"एकोणतीस एके एकोणतीस," तो मोठ्यानं म्हणाला. आवाज फाटला. "एकोणतीस दुणे अठ्ठावन्न. एकोणतीस त्रिक सत्त्याऐंशी. एकोणतीस चोक एकशे सोळा. एकोणतीस पंचे एकशे पंचेचाळीस. एकोणतीस सक..." तो अडला. पूर्वीही इथंच अडायचा. "एकशे चौऱ्याऐंशी."

आत काहीच नाही. मग आणखी थोडं काहीच नाही.

"चौऱ्याहत्तर," दारामागून ताई म्हणाली. "पहिल्यापासून म्हण. आणि सावकाश म्हण रे, मला सगळं कपाट लावायचंय."